कुंभाराघरची हंडी

राजानंद महाराज जामिनावर सुटले त्या दिवशी दोन जेसीबी लावून त्यांच्या अंगावर झेंडूची फुलं ओतली. झुंबरबाई तेव्हा अंगणात चिखल तुडवत होती. उन्हाळा तोंडावर आला होता, माठाचे दिवस होते, आणि तळणखेड्याचं कुंभाराचं घर एवढं एकच, म्हणून पायाला उसंत नव्हती. शेजारची शैला मोबाइल घेऊन पळत आली.

“काकू, तुम्ही पाहू नका,” असं म्हणाली आणि मोबाइल झुंबरबाईच्या नाकासमोर धरून उभी राहिली.

झुंबरबाईनं पाहिलं. गाडीच्या छतावर महाराज उभे. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला बुक्का, दोन्ही हात जोडलेले. खाली माणसंच माणसं. वरून फुलं पडत होती आणि महाराज डोळे मिटून घेत होते, पाऊस अंगावर घ्यावा तसे.

“माणूस मारून आलाय का लगीन लावून आलाय?” झुंबरबाई म्हणाली, आणि पुन्हा चिखलात पाय हाणू लागली. त्या दिवशी चिखल असा तुडवला की बद्रीनाथला चाकावर बसल्यावर गोळ्यात एक खडा लागला नाही.

हरिओम त्यांचा एकुलता. कुंभाराचं पोर, पण हात चाकावर बसायच्या आधी पखवाजावर बसला. मारुतीच्या देवळात भजनाला सांजच्याला आई त्याला मांडीवर घेऊन जायची, तिथंच त्याच्या बोटांना चाळा लागला. मोठा झाला तसा राजानंद महाराजांच्या कानावर गेला आणि महाराजांनी त्याला आपल्या मठात, गडावर नेलं. महाराज म्हणजे काय साधी आसामी? त्यांचं कीर्तन मोबाइलात लाखानं माणूस पाहायचं. भरल्या मांडवात त्यांनी एकदा चाल उचलली की उठून चाललेला माणूस पुन्हा बसायचा. त्यांच्या मागं आपलं लेकरू पखवाज घेऊन बसलेलं पाहून झुंबरबाईचा ऊर भरून यायचा. तिनं महाराजांचा फोटो पांडुरंगाच्या शेजारी लावला होता.

आणि मागच्या श्रावणात एका गावी कीर्तनात महाराज अभंगाचा तिसरा चरण विसरले. माणूस आहे, विसरतो. मागून हरिओमनं हळूच तोंडातल्या तोंडात चरण सांगितला. पण माइक पखवाजाजवळ होता. सबंध मांडवाला ऐकू गेलं. माणसं हसली. महाराजही हसले, म्हणाले, “आज फेटा पखवाजवाल्यालाच बांधा रे!” तेवढा तुकडा कुणीतरी मोबाइलात टाकला. दोन दिवसांत तो जिकडंतिकडं झाला. खाली कुणी लिहिलं, महाराजापेक्षा पोरगं हुशार. कुणी लिहिलं, कुंभाराची जात, लायकी सोडून बोलू नये. ह्या दोन बोलांत महाराजांना कुठला जास्त लागला, ते देवाला ठाऊक.

तालीम आहे म्हणून हरिओमला घरून बोलावून नेलं. गाडी गावातल्याच पप्पूची होती. दुसऱ्या दिवशी लेकरू गडामागच्या शेततळ्यात सापडलं. डॉक्टरनं लिहिलं, पाण्यात पडायच्या आधीच बरगड्या मोडलेल्या आहेत. पप्पूनं पोलिसांना सांगितलं, महाराज स्वतः उभे होते, ‘दोन द्या अजून’ म्हणत होते. महाराज आत गेले. आणि तिथून जो गलका उठला तो उठलाच. त्यांच्या समाजानं मोर्चा काढला, की आमच्या संताला अडकवलं. यांच्या समाजानं मोर्चा काढला. झुंबरबाईला जालन्याला नेलं, मस्तगडाजवळ स्टेजवर उभं केलं, हातात माइक दिला. पुढारी आले, फोटो काढून गेले. टीव्हीवर कोट घातलेली माणसं हरिओम दारू पीत होता का नव्हता यावर भांडली. तुळशीची माळ घातलेलं लेकरू ते! मग कुठं दुसरंच काही झालं आणि सगळे तिकडं वळले. पप्पूनं जबाब फिरवला. महाराज सुटले.

सुटले त्याला पंधरवडा झाला नसेल, सोमेश्वर नाना दारात आला. नाना सप्ताह कमिटीचा अध्यक्ष. महाराजांच्याच भावकीतला. अर्धं गाव त्यांचंच. चपला काढून ओट्यावर टेकला, एरवी उभ्यानंच बोलायचा.

“बद्रीनाथ, सप्ता बसायचाय. यंदा काल्याचं कीर्तन राजानंद महाराजांचं धरलंय.”

बद्रीनाथनं चाक थांबवलं नाही. ओल्या मातीकडंच पाहत म्हणाला, “धरा की नाना. गाव तुमचं हाय.”

“हंडी तुमच्या घरची. मानाची.”

ते खरं होतं. तळणखेड्यात काल्याची हंडी कुंभाराच्या घरूनच जायची, बद्रीनाथच्या आज्याच्या आज्यापासून. ती वाजत-गाजत न्यायची, ताक-लाह्यांनी भरून महाराजांच्या डोक्यावर टांगायची. कीर्तन संपता-संपता महाराजांनी ती काठीनं फोडायची, आणि ती फुटल्याबिगर गावात कुणी अन्नाला हात लावायचा नाही.

झुंबरबाई आतून आली. पदर खोचलेला, कोपरापर्यंत माती.

“बाजारातून आणा ना नाना. प्लॅस्टिकची बी भेटती आता.”

“झुंबरबाई, असं तोडून नको बोलू. वकिलानंच सांगितलंय...” नाना जीभ चावून थांबला. पण शब्द बाहेर पडला होता.

“काय सांगितलं वकिलानं?”

नाना इकडंतिकडं पाहत म्हणाला, “काही न्हाई. आपलं, शूटिंग करणार हैत. घरच्यांनीच हंडी दिली, गावात बेबनाव न्हाई, एवढं लोकाला दिसावं. तुमच्या बी भल्याचं हाय.”

“म्हंजे माफी पाह्यजे त्याला. न मागता.”

“माफी-बिफी काय...”

“माह्या हातचं मडकं त्याच्या डोक्यावर लटकलं की दुनियेनं समजायचं, माईनं पोटात घातलं. असंच ना?” झुंबरबाईनं हातावरची माती खरवडून जमिनीवर झटकली. “सांगा त्याला, मी रोज सकाळी उठून देवाला एकच मागती. त्याचा गळा सडू दे.”

“बाई, संताला शाप देऊ नको.”

“संत!” ती एवढंच म्हणाली आणि आत गेली.

नंतर काय होणार ते सांगायला नकोच. तळ्यातून गाळ आणायची वाट नानाच्या बांधावरून होती, तिथं काट्या पडल्या. बद्रीनाथ गाढवं घेऊन गेला आणि रिकामी गाढवं घेऊन परत आला. नानाचा गडी म्हणाला होता, “मळा पेरलाय, पायवाट बंद.” चैत्रात कशाची पेरणी! नानाच्या वरच्या आळीनं माठ नेणं बंद केलं. किराणावाला ‘वही बंद केलीय काकू’ म्हणाला. झुंबरबाईनं एक दिवस टेंपोत माठ घालून धावड्याचा बाजार धरला. एका बाईनं माठ उचलला, बोटानं वाजवून पाहिला, पसंत पडला. मग विचारलं, “गाव कोणतं?” झुंबरबाईनं सांगितलं. बाईनं माठ निखारा ठेवावा तसा खाली ठेवला. “महाराजाला अडकवणारी तूच का?” दुपारी कॉलेजातली दोन पोरं आली. “मावशी, तुम्ही टीव्हीवर होत्या ना? जस्टिस फॉर हरिओम?” त्यांनी तिच्या दोन बाजूंना उभं राहून फोटो काढला. माठ घेतला नाही. उन्हानं डोकं भणभणलं तरी ती तिथंच बसून राहिली, आणि सांजच्याला माठ होते तेवढे परत आणले.

बद्रीनाथ भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, “झुंबरे, देऊन टाक एक मडकं. मातीचंच तर हाय. मह्यानं होत न्हाई आता.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. आठ महिन्यांत माणूस मडकी भाजून खाली बसलेल्या आव्यासारखा झाला होता, वर राख, आत काय शिल्लक आहे ते कळत नव्हतं. तिला त्याचा राग आला, आणि दयाही आली.

“देऊ,” ती म्हणाली.

बद्रीनाथचा घास हातातच राहिला.

“देऊ म्हणलं ना. उद्या नानाला निरोप द्या. हंडी कुंभाराघरचीच. काही खळखळ न्हाई.”

त्या निरोपानं गावात आनंद झाला. बांधावरच्या काट्या त्याच दिवशी निघाल्या. वरच्या आळीच्या बाया वाटेत भेटल्या की ‘झुंबरबाई, मन मोठं केलं’ म्हणू लागल्या. कमिटीच्या पोरांनी महाराजांच्या फोटोशेजारी हंडीचं चित्र काढून मोबाइलात फिरवलं, वर लिहिलं, ‘प्रेमाचा काला, तळणखेडा’. झुंबरबाईनं ते शैलाकडून वाचून घेतलं आणि ‘बराबर’ म्हणाली.

हंडी करायची तो दिवस तिनं उपवास केला. बद्रीनाथनं चाकावर गोळा ठेवला, अंगठे आत घातले आणि माती वर उचलली. मडकं सुकून हाताला घट्ट लागू लागलं तसं ते झुंबरबाईनं मांडीत घेतलं. आतून दगडी गोळा, बाहेरून लाकडी चोपणं. थाप, थाप, थाप. पोट गोल झालं, गळा बसला. बद्रीनाथ बाजूला बिडी ओढत बसला होता. तिनं चोपणं खाली ठेवलं, बाभळीची एक काटकी घेतली आणि मडक्याच्या पोटात, खांद्याच्या जरा खाली, भोक पाडलं.

बद्रीनाथची बिडी थांबली.

तिनं मडकं जरा फिरवलं आणि त्याच ओळीत दुसरं भोक पाडलं.

आता सांगायला नको होतं. मसणात खांद्यावर मडकं घेऊन सरणाभोवती फिरतात. एका फेऱ्याला एक भोक पाडतात. तीन फेरे, तीन भोकं, तीन धारा. मग मागं न पाहता मडकं सोडायचं आणि तोंडावर उलटा हात मारून बोंब मारायची. हरिओमचं लग्न झालेलं नव्हतं, लेकरू नव्हतं. ते मडकं बद्रीनाथनं घेतलं होतं, बापानं लेकाचं. मडकंही त्यानंच केलेलं होतं.

“झुंबरे, देवाचा काला हाय तो,” बद्रीनाथ म्हणाला.

“हाय.”

“पाप लागंल.”

“लागू दे. देवानं विचारलं तर मी सांगीन. त्यानं विचारायला तर पाह्यजे आधी. त्याच्याच दारात वाजवत व्हतं ना माहं लेकरू? मंग?” तिनं काटकी तिसऱ्या भोकाच्या जागी टेकवली. “कोर्टानं त्याला सोडलं. टीव्हीनं सोडलं. गावानं फुलं टाकली. आता माह्याच मडक्यानं त्याला धुवून घ्यायचंय. घेऊ दे. असं मडकं देते की जन्मभर वाळायचा न्हाई.”

बद्रीनाथनं बिडी जमिनीत दाबली, तिच्या हातातली काटकी घेतली आणि तिसरं भोक स्वतः पाडलं.

हंडी भाजून निघाली, चांगली खणखणीत. झुंबरबाईनं कच्च्या मातीत राख कालवून तिन्ही भोकं आतून-बाहेरून बुजवली. वरून गेरू दिला, चुन्याची नक्षी काढली, कमळं काढली. कोरडी माती तिथं बसली की दिसत नाही. पण कच्ची माती ती कच्चीच, ताकात भिजली की एका कीर्तनाच्या वेळात सुटणारच.

काल्याच्या दिवशी हंडी न्यायला हलगी घेऊन पोरं आली. पुढं पप्पू. फेटा बांधलेला, नव्या गाडीची चावी बोटात. दाराशी आला तसा त्याचा पाय अडखळला.

“ये की पप्पू,” झुंबरबाई म्हणाली. “तू तर घरचाच. हरिओमला बी तूच न्यायला आल्ता.”

“काकू...” पप्पूनं खाली पाहिलं. “माहं बी लेकरू हाय, काकू. लहान हाय.”

“आयुष्य लाभो त्याला. घे. दोन हातानं धर. पाडशील.”

त्यानं हंडी दोन हातांनी धरली. पोरांनी ‘पुंडलीक वरदा’ केला.

मांडव तट्ट भरला होता. आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर, टेंपो भरभरून आले होते. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. मागं चुलाण्यांवर बुंदी पडत होती, पिठल्याचा वास सुटला होता. समोर तीन कॅमेरे. शूटिंगवाल्यानं झुंबरबाईला आणि बद्रीनाथला अगदी पुढं, सतरंजीवर बसवलं, ‘इथंच बसा, फ्रेममध्ये यायला पाहिजे’ म्हणाला.

महाराज आले. विणेकऱ्याच्या पाया पडले, गादीवर उभे राहिले. डोक्यावर वावभर उंचीवर हंडी. त्यांनी झुंबरबाईकडं पाहून हात जोडले आणि कॅमेरा तिच्या तोंडावर आला. ती तशीच बसली, मांडीवर हात ठेवून.

आणि मग महाराजांनी चाल उचलली.

खरं सांगायचं तर गळा देवाचाच होता. तुरुंगात राहून जरा बसला होता तो आणखीनच काळजाला लागत होता. टाळकरी डुलू लागले. पखवाजावर कुणी नवाच पोरगा होता, बरा वाजवत होता, पण जाग्यावर बसून वाजवत होता, सोबत चालत नव्हता. कृष्णाच्या खोड्या सांगता-सांगता महाराजांनी असा आलाप घेतला की झुंबरबाईच्या डोळ्याला पाणी आलं. तिला स्वतःची किळस आली. ज्या तोंडानं ‘दोन द्या अजून’ म्हणला, त्याच तोंडातून एवढं गोड कसं निघतं रे देवा? तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत. कॅमेरावाला खूष झाला.

“बघा माउली,” महाराज म्हणाले, “यशोदेच्या डोळ्यात पाणी! आई ही क्षमेची मूर्ती असती. आजची हंडी त्या क्षमेची हंडी...”

थेंब पडला. महाराजांच्या डाव्या खांद्यावर. मग दुसरा. मग धार लागली, दोऱ्यासारखी, पांढरी.

महाराजांनी वर पाहिलं आणि हसले. मुरलेला माणूस. “देवाला बी दम निघंना! प्रेम कुठं अडवून राहतंय का?” मांडव हसला, टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांतच दुसरी धार लागली. पहिलीच्या शेजारी, त्याच ओळीत.

बायांच्या बाजूला हसू आधी थांबलं. कुजबुज झाली. एक बाई दुसरीला कोपर मारून वर दाखवू लागली. टाळकऱ्यांतल्या एका म्हाताऱ्याचे टाळ थांबले. मग दुसऱ्याचे. महाराज बोलत होते, पण माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हती. खांद्याकडं बघत होती.

तिसरी धार सुटली. तीन धारा, खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून धोतरावर.

पखवाजवाल्या पोराचा हात पुडीवर तसाच राहिला. एवढी हजारो माणसं, आणि ताकाची धार गादीवर पडल्याचा आवाज माइकमधून येत होता.

महाराजांना आता कळलं. त्यांनी झुंबरबाईकडं पाहिलं. ह्या वेळी हात जोडलेले नव्हते. ती पापणी न लववता बघत होती.

“काढा ते खाली,” महाराज माइकवर हात ठेवून म्हणाले. तरी ऐकू गेलं.

कमिटीच्या पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. कुणी हलेना. मसणातल्या मडक्याला कोण हात लावणार? सोमेश्वर नाना कॅमेरावाल्याला ‘बंद कर, बंद कर’ म्हणून हात करत होता. पण तीन कॅमेरे बंद झाले तरी वर शेकडो मोबाइल होते.

“महाराज,” झुंबरबाई बसल्या जागेवरून म्हणाली. ओरडली नाही. “माणसं उपाशी हैत. फोडा.”

फोडावी तर ज्याच्या खांद्यावर धारा, त्यानंच हरिओमचं मडकं फोडल्यासारखं. न फोडावी तर काला नाही, प्रसाद नाही, गाव उपाशी. आणि वरून सगळी दुनिया बघतेय. महाराजांचं तोंड काळंनिळं झालं. आयुष्यात मांडव कधी त्यांच्या हातातून गेला नव्हता, एकदाच हरिओमपायी गेला होता, आणि त्याचं त्यांनी काय केलं ते गावाला माहीत होतं. त्यांनी काठी हिसकून घेतली.

“तुझी ही लायकी!” असं काहीतरी म्हणाले आणि काठी हाणली.

हंडी फुटली. खापऱ्या खांद्यावरून पडल्या.

सोमेश्वर नानाची आई पुढंच बसली होती. नव्वदीची म्हातारी, डोळ्यांनी अधू. आयुष्यात तिनं किती मडकी फुटताना ऐकली असतील. धारा, मग मडकं फुटल्याचा आवाज, आणि तिचा हात आपसूक तोंडावर गेला. उलटा. तिनं बोंब मारली. बारीक, चिरकी. तिच्या शेजारच्या बाईचा हात गेला. मग तिच्या मागच्या ओळीचा. कुणी ठरवलं नव्हतं. ते मडकं फुटलं की हात कुठं जायचा ते हाताला शिकवावं लागत नाही. बायांच्या बाजूनं बोंब उठली ती पुरुषांत गेली, टाळकऱ्यांत गेली, वरच्या आळीत गेली. ज्यांनी महाराजांसाठी मोर्चे काढले त्यांनीही तोंडावर हात मारला. हरिओमसाठी गाव पहिल्यांदा रडलं, आणि ते महाराजांच्या काल्याच्या मांडवात.

मग माणसं उठली. मयतीहून माणसं जातात तशी, मागं न पाहता. मांडवाबाहेर पाण्याचा टँकर उभा होता, तिथं रांग लागली. एकेकानं हातपाय धुतले, डोक्यावर पाणी घेतलं. कुणीतरी कडुलिंबाची डहाळी मोडली, पानं हातोहात गेली. बुंदीची घमेली उघडी पडली होती, पत्रावळ्या वाऱ्यानं उडत होत्या. एकानंही ताट मागितलं नाही.

महाराज गादीवरच उभे होते. धोतर अंगाला चिकटलेलं.

“पप्पू, गाडी काढ!” ते ओरडले.

पप्पू टँकरच्या रांगेत होता. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं, डोक्यावर ओतलं, आणि वळून पाहिलं नाही.

झुंबरबाई उठली. बद्रीनाथनं हात दिला. दोघं मांडवाबाहेर आले तेव्हा सोमेश्वर नाना वाटेत आडवा उभा राहिला. डोळे लाल, फेटा एका बाजूला ढळलेला.

“बाई, हे काय केलंस?” नाना म्हणाला. “सणाच्या दिवशी सबंध गावाला सुतकात घातलंस.”

“सुतक व्हतंच नाना,” झुंबरबाई म्हणाली. “आठ महिन्यापासून व्हतं. तुम्ही पाळलं न्हाई.”

नानानं वळून पाहिलं. टँकरपाशी त्याची म्हातारी आई कुणाच्या तरी आधारानं उभी होती, ओली चिंब, तोंडात लिंबाचा पाला, आणि त्याच्याच वाटेकडं तोंड करून थांबली होती. मग त्यानं डोक्यावरचा फेटा काढला, काखेत धरला आणि रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.